‘डायबॉलिकल’ चुकू नये म्हणून: उच्चारापासून वाक्यात बसवण्यापर्यंत

‘डायबॉलिकल म्हणजे राक्षसी’ एवढं एका ओळीत पाठ केलेलं असतं आणि चुका तिथूनच सुरू होतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा ‘राक्षसी बहुमत’चं इंग्रजी ‘डायबॉलिकल मेजॉरिटी’ करून टाकतो. न्यायालयाच्या बातमीत हा शब्द आला की भाषांतर करणारा सरसकट ‘निर्घृण’ लिहून पुढं जातो. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यात इंग्लंडच्या ग्राहकाचं ‘द पॅकिंग वॉज डायबॉलिकल’ असं पत्र येतं, तेव्हा ऑफिसातल्या माणसाला वाटतं की समोरचा आपल्याला लबाड म्हणतोय.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. मराठी प्रतिशब्द चौथ्या टप्प्यावर येतो, त्याआधी नाही. तो पहिल्यांदाच शोधायला गेल्यामुळे बहुतेकांची गडबड होते.

## तयारी

दोन कोश हाताशी ठेवा. एक इंग्रजी-इंग्रजी, शिकणाऱ्यांसाठी केलेला. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा फोनवरही मिळतो. दुसरा इंग्रजी-मराठी. पहिला अर्थ सांगतो, दुसरा फक्त शब्दांची रांग लावतो. रांगेतला पहिला शब्द उचलणं म्हणजे अर्थ लावणं नव्हे.

शब्द कधीही एकटा उतरवून घेऊ नका. तो आला ते पूर्ण वाक्य, त्याच्या आधीचं एक आणि नंतरचं एक, अशी तीन वाक्यं वहीत लिहा. लिहिणारा भारतीय आहे, ब्रिटिश आहे की अमेरिकन, हे कळत असेल तर बाजूला नोंदवा. याची गरज तिसऱ्या टप्प्यात पडणार आहे.

सूचना: फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये सुटा शब्द टाकू नका. सुट्या शब्दाला ॲप बहुधा एकच ठरलेला अर्थ देतं. पूर्ण वाक्य टाकलं तरी उत्तर तपासूनच घ्या.

## टप्पा १: अक्षरं आणि उच्चार पक्के करा

स्पेलिंग तीन तुकड्यांत लिहा: डी-आय-ए, बी-ओ-एल, आय-सी-ए-एल. एकूण दहा अक्षरं. त्यांत आय, ए आणि एल दोन-दोनदा येतात. डी, बी, ओ, सी एकेकदा. लिहून झाल्यावर एवढं मोजलं तरी चूक सापडते. ‘ओ’नंतर दोन एल लिहिणं आणि शेवटी ए-एलच्या जागी एल-ई लिहिणं, या दोन चुका सहज होतात.

‘डायबेटिक’शी घोळ होतो, कारण दोन्हींची पहिली चार अक्षरं एकच आहेत. पाचव्या अक्षरावर थांबा. तिथं ओ असेल तर दुष्टपणा, ई असेल तर मधुमेह. घाईत वाचणाऱ्याची नजर पहिल्या चार अक्षरांवरून पुढं घसरते, म्हणून पाचव्या अक्षराखाली बोट ठेवून वाचण्याची सवय आठवडाभर तरी लावा.

उच्चार पाच तुकड्यांचा आहे: डाय-अ-बॉ-लि-कल. जोर ‘बॉ’वर. मराठीत आपण शब्दाच्या एका तुकड्यावर असा जोर देत नाही, त्यामुळे सगळे तुकडे सारखेच ठोकले जातात किंवा उगाच ‘डाय’वर जोर जातो. ‘डाय-अ’ हलकं आणि भरभर म्हणा, ‘बॉ’वर आवाज थोडा चढवा, ‘लि-कल’ सोडून द्या. शेवटचं ‘कल’ जवळजवळ ‘क्ल’ ऐकू येतं. ‘डायबोलीकल’ असा लांब ‘ली’ काढू नका.

क्रियाविशेषण डायबॉलिकली. यात बारा अक्षरं आणि तीन एल. मधलं ए-एल लिहायचं, पण बोलताना ते ऐकू येत नाही: डाय-अ-बॉ-लिक-ली. ऐकून लिहिणारे नेमके ते ए-एल गाळतात.

तपासणी: न बघता शब्द तीनदा लिहा आणि अक्षरं मोजा. तिन्ही वेळा दहा भरली तर पुढं जा.

## टप्पा २: अर्थाचा गाभा धरा

मूळ अर्थ सैतानाचा, सैतानाला शोभेल असा. पण रोजच्या लिखाणात सैतान क्वचितच असतो. असतो तो माणूस, आणि त्याच्यात दोन गोष्टी एकत्र आलेल्या असतात: दुसऱ्याचं वाईट करण्याचा हेतू आणि त्यासाठी चालवलेलं डोकं. नुसता राग, नुसती मारहाण, नुसतं दुर्लक्ष याला हा शब्द सहसा लावत नाहीत. थंड डोक्यानं आखलेला डाव, समोरच्याच्या हालांत आनंद मानणारं क्रौर्य, इथं तो चपखल बसतो.

म्हणून प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारा. यामागे कुणी माणूस आहे का? त्यानं हे समजून-उमजून केलंय का?

दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तर गाभ्याचा अर्थ. अ डायबॉलिकल प्लॉट, अ डायबॉलिकल स्कीम, डायबॉलिकल कनिंग, डायबॉलिकल क्रुएल्टी, अ डायबॉलिकल माइंड, अ डायबॉलिकल लाफ: या जोड्या इंग्रजीत रुळलेल्या आहेत. सुटा शब्द पाठ करण्यापेक्षा याच जोड्या पाठ करा.

उत्तर ‘नाही’ असेल तर हा अर्थ लावूच नका. उजनीचं पाणी चार दिवस आलं नाही, वादळात पत्रे उडाले, गाडी उलटून माणसं गेली. हे कितीही भयंकर असलं तरी त्याला कारस्थान म्हणता येत नाही. ‘डायबॉलिकल ॲक्सिडेंट’ लिहिलं की वाचणाऱ्याला अपघात कुणीतरी घडवून आणल्याचा वास येतो. तसं म्हणायचं नसेल तर टेरिबल, ट्रॅजिक, हॉरिफिक यांतला शब्द घ्या.

## टप्पा ३: ब्रिटिश बोलीतला दुसरा अर्थ वेगळा काढा

ब्रिटिश इंग्रजीत, मुख्यतः बोलताना आणि मोकळ्या पत्रव्यवहारात, या शब्दाचा अर्थ फक्त ‘अतिशय वाईट’, ‘भिकार’ असा होतो. जेवण डायबॉलिकल, ट्रॅफिक डायबॉलिकल, हॉटेलची सेवा डायबॉलिकल, संघाचा खेळ डायबॉलिकल. इथं कुणाचा हेतू नाही, कट नाही, सैतानही नाही. इंग्रजी-इंग्रजी कोशात या अर्थापुढं ‘इन्फॉर्मल’ आणि ‘ब्रिटिश’ अशी खूण असते. ती खूण न वाचता पहिल्या अर्थावर पान मिटलं की घोटाळा ठरलेलाच.

टॉवेलच्या पत्राचं उदाहरण जवळून बघू. समजा मजकूर असा आहे: ‘द टॉवेल्स आर फाइन, बट द पॅकिंग वॉज डायबॉलिकल. हाफ द कार्टन्स हॅड स्प्लिट.’ शब्द कशाला लावलाय ते आधी शोधा. पॅकिंगला, म्हणजे वस्तूला. माणसाला नाही. मागचं वाक्य मालाला बरं म्हणतंय, पुढचं वाक्य खोके फुटल्याचं सांगतंय. दोन्ही बाजूंनी एकच निघतं: पॅकिंग अगदी भिकार होतं. इथं आरोप नाही, तक्रार आहे.

मग उत्तरही तसंच जायला हवं. आमचा कुणाला फसवण्याचा हेतू नव्हता, असा खुलासा पाठवला तर ग्राहक बुचकळ्यात पडेल, कारण हेतूबद्दल तो काही बोललाच नव्हता. माफी मागा. किती खोके फुटले याचा आकडा आणि फोटो मागवा. खोकी तीन प्लायची (पुठ्ठ्याच्या तीन थरांची) होती की पाच प्लायची, ते पाहा. पुढच्या खेपेला काय बदलणार ते एका ओळीत लिहा. एवढ्यानं काम होतं.

याच बोलीत ‘अ डायबॉलिकल लिबर्टी’ असा ठरलेला प्रयोग आहे. कुणी न विचारता आपली वस्तू वापरली, आपल्या नावावर परस्पर काही ठरवलं, की म्हणतात. त्याचं भाषांतर ‘सैतानी स्वातंत्र्य’ नव्हे. ‘ही तर आगाऊपणाची हद्द झाली’ हे त्याचं मराठी.

समाजमाध्यमांवर तरुण मंडळी आता हा शब्द तिसऱ्याच सुरात वापरतात: कुणी अतरंगी, धक्कादायक काही केलं की ‘दॅट्स डायबॉलिकल’. आपल्याकडं सोलापुरात सात रस्ता चौकात उभी पोरं ‘खतरनाक बे!’ म्हणतात तो सूर. ओळखून ठेवा, परीक्षेत किंवा अर्जात वापरू नका.

सूचना: भारतात लिहिताना दुसऱ्या अर्थाच्या वाटेला शक्यतो जाऊ नका. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या ट्रॅफिकला तुम्ही डायबॉलिकल म्हणालात तर लंडनचा माणूस मान डोलावेल, सोलापूरचा विचारेल, कुणी केलं? ‘टेरिबल’ लिहा, दोघांनाही कळेल.

## टप्पा ४: आता मराठी शब्द निवडा

मराठीत या अर्थाचे शब्द भरपूर आहेत, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. प्रत्येकाला आपापली सोबत लागते.

सैतानी हा सगळ्यांत जवळचा. डोकं, कट, क्रौर्य, तिन्हींना चालतो. शंका असेल तेव्हा हाच घ्या. पैशाचिक मात्र शारीरिक छळाच्या बाजूला झुकतो: पैशाचिक अत्याचार, पैशाचिक कृत्य. ‘पैशाचिक योजना’ कानाला खटकते. आसुरी शब्दाला आनंद, हास्य, लालसा यांची सोबत लागते. ‘डायबॉलिकल लाफ’ला ‘आसुरी हास्य’ याहून चांगलं मराठी नाही.

पाताळयंत्री हा शब्द लोक विसरतात, आणि ते मोठं नुकसान आहे. आतल्या गाठीचा, थांग लागू न देता डाव रचणारा माणूस एका शब्दात उभा राहतो. ‘अ डायबॉलिकल स्कीमर’ला दुसरा कुठलाही मराठी शब्द इतका नेमका बसत नाही. पण तो माणसाला, डोक्याला, फार तर डावाला लावा. ‘पाताळयंत्री हत्या’ होत नाही.

राक्षसी शब्दाशी जपून. मराठीत त्याचे दोन अर्थ आहेत. ‘राक्षसी कृत्य’ म्हणजे क्रूर कृत्य. पण ‘राक्षसी बहुमत’, ‘राक्षसी भूक’, ‘राक्षसी आकाराचं यंत्र’ यांत तो नुसता प्रचंडपणा दाखवतो. डायबॉलिकलमध्ये आकाराचा अर्थ अजिबात नाही. म्हणून मराठीतून इंग्रजीत जाताना ‘राक्षसी’ दिसला की आधी ठरवा, क्रूर की प्रचंड. राक्षसी बहुमताला इंग्रजीत ‘ब्रूट मेजॉरिटी’ म्हणतात.

अघोरी शब्दाला प्रथेचा, तोडग्याचा, जिवावर बेतणाऱ्या उपायाचा वास आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या इंग्रजी नावातसुद्धा ‘अघोरी’ हा शब्द तसाच ठेवलाय, त्याच्या जागी डायबॉलिकल घातलेला नाही. तुम्हीही घालू नका.

दुष्ट फार मवाळ. आई लाडानं पोराला ‘दुष्टा’ म्हणते. डायबॉलिकलची धार त्यात उतरत नाही.

दुसऱ्या, ब्रिटिश अर्थासाठी शब्द वेगळेच: भिकार, टुकार, रद्दी, अगदी वाईट. सभ्य पत्रात ‘अत्यंत निकृष्ट’.

तपासणी: निवडलेला मराठी शब्द वाक्यात घालून मोठ्यानं वाचा. घरी किंवा कामावर कुणी असं बोलेल का? ‘त्याची योजना डायबॉलिकल होती’ याचं ‘त्याची योजना राक्षसी होती’ केलं तर योजना फार मोठी होती असंच ऐकू येतं. ‘त्यानं सैतानी डाव रचला होता’ म्हटलं की नेमकं पोहोचतं. विशेषण उचलून जसंच्या तसं ठेवण्यापेक्षा क्रियापद बदललं तर मराठी सरळ चालतं.

## टप्पा ५: शेजारचे इंग्रजी शब्द वेगळे करा

परीक्षेत पर्याय म्हणून हेच येतात. फीन्डिश आणि डेव्हिलिश समानार्थी म्हणून चालतात, पण वापरात फरक आहे. फीन्डिश अतिशय अवघड गोष्टीलाही लावतात. फीन्डिश पझल म्हणजे डोकं फिरवणारं कोडं. डेव्हिलिशमध्ये पुष्कळदा खोडकरपणा असतो. डिमॉनिकमध्ये अंगात संचारल्याचा भाव. सटॅनिक प्रत्यक्ष सैतानाशी, त्याच्या पूजेशी जोडलेला. सिनिस्टर म्हणजे अजून काही घडलेलं नाही, पण लक्षण बरं नाही.

हेनस या शब्दावर थोडं थांबायला हवं. आपल्याकडं सर्रास ‘हीनस’ म्हणतात, कारण मराठी ‘हीन’ डोळ्यांसमोर येतो. अर्थ लक्षात ठेवायला ते बरं, उच्चार मात्र ‘हेनस’. दुसरं म्हणजे तो गुन्ह्याच्या गंभीरतेचा शब्द आहे आणि भारतीय कायद्यात त्याला ठरलेली व्याख्या आहे: २०१५ च्या बाल न्याय कायद्यात किमान सात वर्षांच्या कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना ‘हेनस ऑफेन्सेस’ म्हटलंय. डायबॉलिकलला अशी कायदेशीर व्याख्या नाही. ते वर्णन आहे. एकाच्या जागी दुसरा घालू नका.

डायबॉलिक हा आखूड भाऊही आहे. तो जास्त पुस्तकी, आणि ‘भिकार’ या अर्थानं चालत नाही. रोजच्या लिखाणात डायबॉलिकलच ठेवा. विरुद्धार्थी विचारला तर एंजेलिक, सेंटली, बेनेव्होलंट यांतला पर्याय शोधा. मेटाबॉलिक आणि हायपरबॉलिक शेपटीमुळे सारखे वाटतात. अर्थाचा काही संबंध नाही.

## टप्पा ६: वाक्यात बसवा

हे विशेषण आहे. नामाच्या आधी येतं, ‘इज’ किंवा ‘वॉज’नंतरही येतं. आधी आर्टिकल लागलं तर ‘अ’, ‘ॲन’ नाही.

‘व्हेरी डायबॉलिकल’ लिहू नका. शब्द मुळातच टोकाचा आहे, व्हेरीनं तो उलट मिळमिळीत होतो. जोर द्यायचाच तर ॲब्सोल्यूटली किंवा ट्रूली. तुलनेला ‘मोअर डायबॉलिकल’.

नाम हवं असेल तर वाक्य फिरवा: द डायबॉलिकल नेचर ऑफ द प्लॅन. ‘डायबॉलिझम’ हे त्याचं साधं नाम समजून वापरतात, ते टाळा. त्याचा अर्थ मुख्यतः सैतानाची उपासना असा जातो.

एका लेखात एकदाच वापरा. दुसऱ्यांदा आला की लेखक ओरडतोय असं वाटायला लागतं.

सूचना: पोलिसांतली फिर्याद, ऑफिसातली तक्रार, सोसायटीचा अर्ज यांत हा शब्द नको. तिथं काय घडलं, कधी, कुणासमोर, एवढंच लिहा. जिवंत माणसाला नाव घेऊन डायबॉलिकल म्हटलं आणि ते सिद्ध करता आलं नाही, तर बदनामीचा प्रश्न उभा राहतो. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येतो.

## टप्पा ७: न्यायालयाच्या मजकुरात आला तर

फाशीच्या शिक्षेच्या बातम्यांत हा शब्द वारंवार दिसतो, त्याला कारण आहे. ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं बचन सिंग खटल्यात १९८० साली मांडलं. मच्छी सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९८३ च्या निकालात ते कधी लागू होऊ शकतं याच्या कसोट्या सांगितल्या. त्यांतली पहिली कसोटी खून कशा रीतीनं केला याची, आणि तिथं पाच विशेषणं ओळीनं आली आहेत: ब्रूटल, ग्रोटेस्क, डायबॉलिकल, रिव्होल्टिंग, डास्टर्डली. नंतरच्या निकालांत हीच ओळ पुन्हापुन्हा उद्धृत होते.

भाषांतर करताना पाचही विशेषणं आधी कागदावर मांडा आणि प्रत्येकाला वेगळा शब्द द्या. ब्रूटलला निर्घृण, ग्रोटेस्कला बीभत्स, डायबॉलिकलला सैतानी किंवा पैशाचिक, रिव्होल्टिंगला किळसवाणी, डास्टर्डलीला नीच, भ्याड. ‘निर्घृण’ डायबॉलिकलला देऊन टाकला की ब्रूटलला शब्द उरत नाही, मग दोन्हींसाठी ‘क्रूर’ येतो आणि पाचांचे चार होतात. न्यायालयानं वेगळे मोजलेले शब्द मराठीत एकात मिसळले तर वाचकाला निकाल अर्धाच कळतो.

दुसरी गोष्ट, विशेषण कशाला लावलंय ते पाहा. वरच्या ओळीत ते ‘मॅनर’ला, म्हणजे कृत्याच्या रीतीला आहे. ‘आरोपी सैतान: न्यायालय’ असा मथळा त्यावरून काढता येत नाही. ‘सैतानी पद्धतीनं खून’ एवढंच त्या शब्दात आहे. तेही कुणी म्हटलं, न्यायालयानं की सरकारी वकिलांनी, हे त्याच वाक्यात आलं पाहिजे.

तपासणी: मराठी वाक्यातून विशेषण झाकून पाहा. कर्ता, कृत्य आणि बोलणारा तिघेही मूळ वाक्यासारखेच राहिले का?

## टप्पा ८: सराव

उत्तर वाचण्याआधी प्रत्येक वाक्य दुसऱ्या टप्प्याच्या दोन प्रश्नांतून काढा.

१. ‘द फूड ॲट द वेडिंग वॉज डायबॉलिकल.’ कट नाही, जेवण आहे. लग्नातलं जेवण अगदी टुकार होतं.

२. ‘शी सॉ थ्रू हिज डायबॉलिकल स्कीम.’ माणूस आहे, डोकं आहे. त्याचा सैतानी डाव तिनं ओळखला.

३. ‘पोरगं लई वांड हाय, सैतान नुसतं.’ हे इंग्रजीत न्यायचं आहे. हेतू वाईट नाही, खोडी आहे. ‘डायबॉलिकल चाइल्ड’ म्हटलं तर आईबाप दचकतील. ‘ही इज अ लिटल डेव्हिल’ बरोबर.

४. ‘त्या यंत्रमागाचा राक्षसी आवाज.’ प्रचंडपणा आहे. ‘डेफनिंग’ घ्या.

५. ‘द टेस्ट वॉज डायबॉलिकली डिफिकल्ट.’ पेपर काढणाऱ्यानं मुद्दाम छळलं, की पेपर फार अवघड होता? इथं क्रियाविशेषण फक्त अवघडपणा वाढवतंय, म्हणून ‘पेपर भयंकर अवघड होता’. पुढचं वाक्य जर असं असलं, की परीक्षकानं मुद्दाम अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न घालून मुलांना नापास केलं, तर अर्थ पालटतो आणि ‘सैतानी’ परत दारात उभा राहतो. तयारीत तीन वाक्यं उतरवून घ्यायला सांगितली होती ती यासाठीच.